मधल्या मापाचं

आमच्या घरात काडतुसं आधी आली,
रायफल नंतर, एकोणीस वर्षांनी.
मिलचा गोरा साहेब बोट धरायला निघाला
तेव्हा नायनाच्या हातात पत्र्याचा डबा देऊन गेला.
आत वीस काडतुसं, सात बाय सत्तावन्न,
पितळ काळवंडलेलं, जुन्या किल्ल्यांसारखं.
आईनं डबा चिंचेच्या बरणीमागे ढकलला.
कुणी विचारलं तर सांगायची, बटणं आहेत.

लोक बैल घेतात, मग जू करतात.
आम्ही जू काखेत मारून
बैल शोधायला नव्या पेठेत गेलो.

ताहेरभाईंनी काउंटरवर चादर अंथरली.
नायनानं आधी तीच उलटून पाहिली,
"आमच्या मिलची नाही. बाणा ढिला आहे."
ताहेरभाई हसले, आणि तिच्यावर
तीन रायफली ओळीनं निजवल्या.

पहिली बेल्जियमची, पट्टीवर कोरलेलं सांबर,
वरातीत मिरवावी अशी.
दुसरी आखूड, हलकी.
"हिला लाथ फार," ताहेरभाईच म्हणाले.
तिसऱ्या माउजरचा निळा रंग एकाच जागी उडालेला,
कुणाचा तरी तळवा तिथं वर्षानुवर्षं राहून गेलेला.

"देखो मास्तर, पावणेचारशे गव्याला, बावीस होल्याला.
हे काडतूस मधलं.
काळवीट म्हणा, डुक्कर म्हणा, पुरतं.
आणि खांदा मोडत नाही."
मधलं म्हटल्यावर नायनानं माझ्याकडे पाहिलं.
अक्काची सोयरीक ठरलेली, धाकटी शाळेत,
मी कुणाच्या हिशोबात नव्हते.

त्यानं डोळे मिटून बोल्ट ओढले,
मागाच्या धोट्याला लावायचा तसा कान लावून.
पहिलीचा खडखडला. दुसरीचा अडला.
तिसरीचा गेला तेव्हा जाण्याचा आवाजच आला नाही,
फक्त पोचल्याचा आला.

मग बोल्ट काढून नळी माझ्या डोळ्यापाशी धरली.
दुसऱ्या टोकाला त्याच्या अंगठ्याचं नख, नखावर उजेड,
आणि आत गोल गोल फिरत गेलेले आटे.
"पीळ आहे," तो म्हणाला.
"सुताला पीळ नसला तर तुटतं,
गोळीला नसला तर भरकटते."

ताहेरभाईंनी दस्ता त्याच्या खांद्याला लावायला उचलला.
नायनानं उजवा हात वर केला.
तर्जनी नाही, मधलं अर्धं:
चौऱ्याहत्तर नंबरच्या मागानं घेतलेली.
"माप हिचं घ्या."

दुकानात एकदम पंखा ऐकू आला.
टेप माझ्या कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत गेली.
दस्ता पाऊण इंच लांब निघाला.

मिलमध्ये धोटे तासणाऱ्या मल्लेशमनं तो कापला.
अक्रोडाला करवत लावताना म्हणाला,
"पोरीसाठी एवढं लाकूड कशाला वाया घालवता?"
नायना भुसा हातावर घेऊन हुंगत होता.
लायसन त्याच्या नावावर, बोट माझं.

मर्डीकडच्या आमच्या चार एकरात
ज्वारी पोटरीत आली की डुकरं यायची.
तिसऱ्या रात्री एक उभं राहिलं, आडवं, चांदण्यात.
पहिलं काडतूस फुसकं निघालं.
दुसरं नाही.
मी जवळ गेले तेव्हा त्याच्या तोंडात
अजून कणीस होतं, हिरवं, अर्धं चावलेलं.
नायना तेलुगूत मोजत होता, कुणास ठाऊक काय.

आता लायसनही माझ्याच नावावर.
दर निवडणुकीला रायफल ठाण्यात जमा करते,
त्याच मिलच्या चादरीत गुंडाळून,
जिचा बाणा ढिला नाही.
यंदाचा हवालदार पोरगेला.
दस्ता स्वतःच्या खांद्याला लावून बघितला त्यानं,
मान आखडली, कोपर कुठं ठेवावं कळेना.
"आजी, हिचं माप चुकलंय की ओ."

काडतुसं सहा, मी म्हटलं. लिहा.