समजा, क्ष

महापे, तिसरा मजला, एसी बंद.
मढवी दारातूनच विचारतो, ठरलं का?
सोमवारी शाळांना दाखवायचंय.

तीन लायब्रऱ्या उघड्या माझ्यासमोर.
पहिली म्हातारी, कंसांत कंस, कंसांत कंस,
कुणाच्या तरी चाळीस वर्षांपूर्वीच्या संयमानं लिहिलेली.
उत्तर देण्याआधी घसा खाकरते.
दुसरी फुकट, पण तिचा परवाना वाचायला वकील हवा
आणि वकिलाला समजवायला मी.
तिसरी झपाझप.
बाराव्या घाताची बहुपदी घातली तर
बटणावरून बोट उचलायच्या आत अवयव पाडून मोकळी.
मढवीला ती आवडली.
मलाही. खोटं कशाला बोलू.

मग सहज तिला घातलं
क्ष वर्गाचं वर्गमूळ.
म्हणाली, क्ष.
न विचारता.

खिडकीबाहेर पारसिकचा डोंगर,
खाणवाल्यांनी अवयव पाडलेला.
गेलेला भाग कुठल्या टॉवरांत मिळवला
ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

कळव्याच्या शाळेत तेरवणकर बाई
बरोबर उत्तराचाही अर्धा गुण कापायच्या.
कडेला लाल शाईत: ऋण असेल तर?
अख्खा वर्ग हसायचा.
बाईंच्या घरी कोण ऋण होतं,
आम्ही कधी विचारलं नाही.

म्हातारीला तेच घातलं.
कर्सर थांबला. पंखा फिरत राहिला.
मग एकच ओळ:
क्ष धन आहे, ऋण आहे, की शून्य?
मी खुर्चीत सरळ बसले.
टाइप केलं, माहीत नाही.
तिनं ते ऐकून घेतलं
आणि क्षच्या दोन्ही बाजूंना
दोन उभ्या रेघा ओढून दिल्या,
दाराच्या चौकटीसारख्या.
आत कुणीही असो.

चार सेकंद, मढवी म्हणतो,
चार सेकंदांत नववीतलं पोरगं दुसऱ्या खिडकीत जातं.
बरोबर आहे त्याचं.
मीही गेले असते.

पण आपलं बीजगणित सुरूच होतं
'समजा' म्हणून.
समजा, क्ष.
गृहीत धरायचा शब्द हा,
आणि नीट ऐकला तर
विनवणीचाही.

सव्वाआठला मेल लिहिली: म्हातारी घेऊ.
कारण: ती विचारते.
मग ते खोडून लिहिलं, अचूकता.
मढवीला तो शब्द चालतो.