मतलई

पहाटे साडेतीनला मी माडवणला फोन करते.
"वारा?"
पलीकडे चपला शोधल्याचा आवाज, कडी, मग बराच वेळ काहीच नाही.
धर्मा चोगले अंगणात उभे राहून
कानामागे गार कुठून लागतंय ते बघत असणार.
"भुईवरनं हाय. नवापर्यंत ऱ्हाईल."

भूगोलात याला मतलई वारे म्हणायचे.
खारे दिवसा, मतलई रात्री,
बाण उलटा काढला की एक गुण गेला.
वारज्याच्या त्या वर्गात एकीनेही समुद्र पाहिला नव्हता
आणि बाण आम्ही सगळ्या अचूक काढत होतो.

आता बाण फोनवर हलतात.
लाटेचा निळा: दक्षिणेकडून, जरासा पश्चिमेला कललेला,
दोन लाटांमध्ये पंधरा सेकंद.
म्हणजे विषुववृत्ताच्या पार खाली
आठवड्यापूर्वी कुठलंसं वादळ झालं,
कुणाचं काही बिघडलं नाही, बातमी झाली नाही,
आणि त्याची थरथर आज कोकणात पोचते आहे.
मी गाडीच्या टपावर फळी बांधते.
तिसऱ्या मजल्यावरून खळदकर काकू विचारतात,
"इस्त्रीचं टेबल एवढं लांब?"

ताम्हिणीत चुकले ते माझंच.
माडवण उघडं, सगळ्या दिशांना तोंड वासून;
तिथे लाट भिंतीसारखी एकदम पडते, चढायला फट देत नाही.
म्हणून वळले पाखाडीला, डोंगराआडच्या वाकणात,
जिथे मार्गशीर्षात एकदा
लाट एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत
चिठ्ठी उलगडावी तशी सावकाश उलगडली होती.

पाणी: ताटात वाढलेलं.
एक बगळा गुडघाभर उभा, कंटाळलेला.
अर्धा तास फळीवर बसून राहिले.
फोन केला तर चोगले हसले,
"लाट आली ना बाई, म्होरनं गेली.
पाखाडीचं दार उत्तरंकडं.
पावणा दक्षिणंचा, तो कशाला वळसा घालंल?"

वीस अंश. कंपासपेटीतल्या कोनमापकावर
नखाएवढे.

माडवणला पोचले तेव्हा साडेआठ.
वारा अजून पाठीशी, जमिनीचा,
शेणाचा, चुलीचा, कैऱ्यांचा वास घेऊन निघालेला,
आणि लाटेला समोरून हात लावून
"थांब, इतक्यात नको" म्हणणारा.
ती थांबायची. ताठ, हिरवी, कड्यावरून मागे उडणारं पाणी,
तेवढ्या थांबण्यात मी उभी राहिले.
एकदा. मोजून सात सेकंद.
दुसऱ्यांदा नाकातोंडात वाळू.

मग वारा पडला.
दहा मिनिटं समुद्र तेलासारखा,
कुणाच्याच बाजूचा नाही.
आणि मग पश्चिमेकडून मानेवर नाही, कपाळावर गार लागलं.
खारा आला. लाटा पिंजल्या गेल्या,
सगळीकडे पांढरं, विस्कटलेलं, निरर्थक.
चोगल्यांच्या होडीचं शीड मात्र खूश.

चांदणी चौकात हवालदाराने काच खाली करायला लावली.
"हे काय, दरवाजा?"
"हो," म्हटलं.
"मग चौकट कुठाय?"
मला उत्तर सुचलं नाही, त्यालाही नको होतं.

संध्याकाळी सात. गच्चीवर एप्रिलची तापलेली फरशी,
खळदकर काकू सांडगे गोळा करताहेत.
एकाएकी दोरीवरचे टॉवेल पूर्वेकडे उडायला लागतात.
काकू पदर सैल करतात, डोळे मिटतात,
"आहाहा. सुटला बाई एकदाचा.
दिवसभर कुठे मेला होता कोण जाणे."

मला माहीत आहे कुठे होता.
माझ्या लाटा मोडत होता.
मग डोंगर चढला, घाटमाथ्यावर दमला,
मुळशीच्या पाण्यावरून आला, मीठ वाटेत सांडून.

मी ओठ चाटून बघते.
काही नाही. साधी हवा.
काकूंना सांडग्यांचं दुसरं टोक धरू लागते.