जांभळी जीभ

तेंदूच्या फडावर, उन्हाळ्याचे पंधरा दिवस,
बाच्या कानावर कॉपिंग पेन्सिल असायची.
टोक जिभेला लावलं की करडं अक्षर जांभळं व्हायचं,
मग त्याला खोडरबर नाही, पाणी नाही, देव नाही.
संध्याकाळपर्यंत जीभही जांभळी.
आई म्हणायची, जांभळं तर अजून पिकली नाहीत,
कुठून खाऊन आले?
बा मला जीभ काढून दाखवायचा :
"हे पाय टुरी, हिसोब खरा हाये."

शाळेत लांजेवार गुरुजी बोरू तासून द्यायचे.
तळ्याकाठचा बोरू, तिरपा छाट,
मधोमध चीर, ती नखावर दाबून बघायची.
शाईची एक पुडी चार पोरांत.
पाणी जास्त झालं की अक्षरं आजारी.
बॉलपेन आणलं म्हणून सदाराम अर्धा तास दारात उभा :
"गोळीनं अक्षर लिहीत नसतात पोट्ट्या, घसरतात."
पाटीवरची पेन्सिल आम्ही अर्धी लिहायचो,
अर्धी खायचो.

जैबाई कुमरेकडे यातलं काहीच नव्हतं.
तिच्या कुडावर कोळशाच्या रेघा,
चार उभ्या, एक आडवी : पाच पुडे.
पहाटे तीनला जंगलात शिरायची,
दुपारी उंबऱ्यात बसून सत्तर सत्तर पानं मोजायची,
पळसाच्या वाकानं बांधायची
आणि उठून एक रेघ.
असे वीस झुबके झाले म्हणजे शंभर,
हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी तिनं शंभर आणले.
मीच मोजले, मोठ्यानं, नव्यानं शिकलेल्या आकड्यांत.
ठेकेदाराचा दिवाणजी खुर्चीवर सुपारी कातरत होता.
त्यानं बाकडे पाहिलंही नाही.
बानं टोक जिभेला लावलं
आणि कार्डावर लिहिलं : ९५.
"पाच सुटीचे," म्हणाला. कार्डालाच म्हणाला.
जैबाईनं कार्ड उलटं धरून पाहिलं,
सुलटं धरून पाहिलं,
कमरेला खोचलं.

माझ्याजवळ बाभळीचा काटा होता,
सकाळीच टाचेतून निघालेला.
वाळत घातलेल्या पुड्यातून एक पान ओढलं
आणि काट्यानं ओरखडलं : १००.
आधी काही दिसत नाही. हिरव्यावर हिरवं.
मग हळूहळू तपकिरी होत वर येतं,
जणू पानालाच उशिरा आठवतं.
पान परत खुपसलं.
सत्तर होती, सत्तरच राहिली.

पुडे पोत्यात, पोती ट्रकात, ट्रक गोंदियाला.
तिथं कुणाच्या तरी कात्रीनं शून्य अर्धं कापलं असेल,
तंबाखू भरली असेल, दोरा गुंडाळला असेल.
कुणीतरी रात्रपाळी सुटल्यावर
माझा पहिला खरा हिशोब
ओढला असेल
आणि खोकला असेल.

दिवाळीत जैबाईनं कूड शेणानं सारवला.
कार्ड मात्र आहे अजून, शिंक्यावरच्या टोपलीत.
धुरानं काळं झालंय.
९५ तेवढे जांभळेच.

आता फड ग्रामसभेचा. मुन्शी मी.
दोन रुपयांचं पेन, संपलं की फेकायचं.
वर मोबाइलमध्येही भरायचं, बोटानं.
'पुडे' लिहिलं की तो 'पुढे' करतो,
मला दरवेळी मागे यावं लागतं.
जैबाईची सून शंभर आणते, मी शंभर लिहिते.
यात माझा मोठेपणा नाही.
खुर्चीवर कोणी बसलेलं नाही, एवढंच.

बाची पेन्सिल डब्यात आहे, पेराएवढी उरलेली.
काल टोक जिभेला लावून पाहिलं.
कडू. थोडं गंजल्या खिळ्यासारखं.
रोज चाखत होता तो हे,
आणि घरी येऊन हसत होता.

आरशात जीभ काढली तेवढ्यात
बाहेरून हाक आली, मुन्शीबाई, मोजाले चला.
मी तोंड मिटूनच गेले.