तीन अक्षरं

खडे बाजारातल्या छापखान्यात, मागच्या खोलीत
डावीकडे मराठीच्या केसी, उजवीकडे कन्नडच्या,
मधे स्टुलावर मी.
हाताला दोन्ही भाषा सारख्याच जड लागायच्या.
शिसं ते शिसं.

बासष्टच्या उन्हाळ्यात कॅम्पातले दातांचे डॉक्टर त्सेन
पावशेर कुंदा आणि वहीची चाळीस पानं घेऊन आले.
"नेमगोंडा, माझ्या मास्तरांचं चरित्र.
मराठी माझं मोडकं आहे.
असू दे की. जास्ती सरळ करू नकोस."

मास्तर म्हणजे वेइ रुनताओ, हुबेईचे.
सातव्या वर्षी दोन हजार वर्षांपूर्वीची वाक्यं तोंडपाठ,
अर्थ विचारला तर हातावर बांबू.
मग परीक्षाच बंद झाली सरकारची,
सगळं पाठांतर खिशात राहिलं
चलनातून गेलेल्या नाण्यासारखं.
वेणी कापली तेव्हा आई तीन दिवस जेवली नाही.
पुढे वर्गात म्हणाले :
शेजारी मीठ मागता ना, त्या भाषेत लिहा.
पंडित म्हणाले, मग आम्ही आणि ती मासेवाली एकच की!
मास्तर म्हणाले, आता कसं बोललात.

हे जुळवताना माझी स्टिक थांबली.
आमची आई चुलीपाशी कन्नड बोलायची,
बाजारात मराठी, बस्तीत णमोकार,
आणि लिहीत कशातच नव्हती.

पान एकोणतीस. बायकांसाठी रात्रशाळा काढली मास्तरांनी,
पण लहानपणी गळ्यात बांधलेल्या बायकोला
एक अक्षर शिकवलं नाही.
डॉक्टरांनी हे लिहून खोडलं होतं.
"घ्यायचं का?" मी विचारलं.
त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.
"घे. वाटलं तर शाई कमी लाव."

शेवटची एकवीस वर्षं मास्तर शब्द गोळा करत हिंडले :
शिव्या, माशांची नावं, नावाड्यांच्या हाका.
अकरा पेट्या भरल्या.
नऊ पुरात गेल्या.
दोन कुठे आहेत, डॉक्टरांना माहीत नव्हतं.

मुखपृष्ठावर मास्तरांचं नाव हवं, त्यांच्या लिपीत.
तीन अक्षरं. आमच्याकडे कुठली?
डॉक्टरांनी कवळीच्या प्लास्टरमधे सुईनं कोरली,
वर शिसं ओतलं.
छापखान्यात सगळं उलटं असतं हे त्यांना ठाऊक,
म्हणून साच्यातच उलटी कोरलेली.
ओतल्यावर झाली सुलट, कागदावर पुन्हा उलटी.
"एकदाच उलटं व्हायचं असतं, डॉक्टर."
ते खुर्चीत बसून हसले, डोळ्यांत पाणी येईतो.
"मास्तरांनाही हेच जमलं नाही बघ."
दुसऱ्या दिवशी नवा साचा घेऊन हजर.

दोनशे प्रती. सुतळीत बांधून ठेवल्या.
दिवाळीच्या सुमारास तिकडे वर युद्ध पेटलं.
डॉक्टर दर सोमवारी चौकीत सही करू लागले.
दवाखान्याच्या पाटीवर कुणीतरी डांबर फासलं,
आणि आमच्या गावात पाटीवरचं डांबर
कुणी थांबून बघत नाही.
गठ्ठा न्यायला ते आले नाहीत.
कलकत्त्याला गेले म्हणे. पुढे कॅनडा.

ऑफसेट आलं. टाइप किलोनं गेला,
मराठी-कन्नड एकाच पोत्यात, भंगारवाल्यानं निवडलंसुद्धा नाही.
ही तीन तेवढी मी बनियनच्या खिशात घातली.

मला वाचता येत नाहीत.
वरची बाजू कुठली, खालची कुठली,
तेही आता खात्रीनं सांगता यायचं नाही.
रॉकेलच्या बोळ्यानं पुसतो अधूनमधून.
कोपऱ्यात शाई अडकते.