नव्या पुलाचा स्टॉप

धुळ्यात रिक्षावाले ओरडतात,
‘जिन, जिन, नवा पूल!’
जिन पाडून एकतीस वर्षं झाली.
नवा पूल झालाच नाही.
माणसं तरी बसतात, उतरतात,
सुट्टे नसले तर तिथंच भांडतात.

मी पालिकेच्या रेकॉर्डात होतो. तळघर.
पांझरेला पूर आला की
खालच्या फळीवरची दप्तरं आधी भिजायची.
एका मार्चअखेरीला वरून कागद आला:
जे पाडलं त्याचे नकाशे काढून टाका,
जे बांधलं गेलं नाही त्यांचेही.
उरलेलं शहर तेवढं ठेवा.

हिलाल बोरसे, निवृत्त ट्रेसर,
यांना रोजंदारीवर बोलावून घेतलं.
कुठला कागद मेलेला
आणि कुठला जन्मलाच नाही
हे मला एकट्याला ओळखू येईना.
दोन्ही सारखेच निळे, घडीवर फाटलेले,
दोन्हींवर त्याच साहेबाची लफ्फेदार सही.

बाबा गुंडाळी उलगडायचे,
चष्मा कपाळावर सारून कागद नाकाशी धरायचे
आणि सांगायचे,
‘अठे व्हतं.’
नाहीतर,
‘अठे व्हई.’
मी त्याप्रमाणे डावीकडे, उजवीकडे टाकायचो.

व्हतं: बर्फाचा कारखाना,
भर वैशाखात दारापुढची माती ओली.
व्हतं: टांग्याच्या घोड्यांचा हौद,
घोडे गेल्यावर त्यात अर्धी गल्ली पोहायला शिकली.
व्हतं: सरकीचं गोदाम. दिवाळीनंतर
आमच्या शाळेतली सगळी मुलं
डोक्यात कापूस घेऊन वर्गात यायची, म्हातारी दिसायची.

व्हई: मुलींची शाळा, गच्चीवर दुर्बिणीसाठी घुमट.
व्हई: नदीकाठानं आठशे कडुलिंब,
प्रत्येकाला नंबर दिलेला.
व्हई: नाट्यगृह, नऊशे खुर्च्या.
त्यातली पंधराव्या रांगेतली एक
बाकीच्यांपेक्षा दोन सूत रुंद.
चूक आहे का, विचारलं.
‘मनी माय जाडी व्हती ना,’ बाबा म्हणाले,
आणि पुढची गुंडाळी ओढली.

मी म्हटलं, बाबा, हे झालं नाही,
आता होणारही नाही,
‘व्हई’ काय म्हणता सारखं?
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं मास्तर एखाद्या आडमुठ्या पोराकडे पाहतात.
‘मी काढेल शे,’ म्हणाले.

दुपारी तळातून एक कापडी नकाशा निघाला.
काळ्या जमिनीवर नुसत्या सरळ रेघा,
घर एकही नाही,
गल्ली नंबर एक, दोन, तीन, चार,
सगळ्यांना आधीच आकडे.
बाबा गल्ली नंबर चारवर बोट ठेवून बराच वेळ थांबले.
हा कुठल्या ढिगात?
‘अठे आपन ऱ्हातस,’ म्हणाले,
आणि डबा उघडायला बसले.
कळण्याची भाकरी, ठेचा. मलाही अर्धी दिली.

रद्दीवाल्यानं काटा आणला.
डावा ढीग शहाण्णव किलो.
उजवा एकशे तेहतीस.
जे झालं नाही ते जड भरलं.
त्यात फार काही अर्थ शोधू नये,
प्रस्ताव पाच प्रतींत जायचा, म्हणून.

पावती करताना मी मुद्दाम खाली मान घातली,
आणि पुलाची एक प्रत
बाबांच्या छत्रीत गेली.

परवा नव्या पुलाला उतरलो तर
बाबा नदीत उभे. पात्र कोरडं,
फरशीवरून एक बाई तीन म्हशी हाकत चाललेली.
हातातल्या काठीनं ते पावलं मोजत होते:
इथून पहिला खांब, इथून दुसरा.
तिसऱ्याच्या जागी
टरबूजवाला बसला होता.
त्यानं बाबांकडे पाहिलं,
काठीकडे पाहिलं,
आणि काही न विचारता
आपला ढीग हातभर सरकवून घेतला.