पाच अंश

तार्तूमध्ये नोव्हेंबर सरत आला
की उर्वे कासवाला फ्रिजमध्ये ठेवते.
ऐकणारे दचकतात. ती समजावत बसत नाही.

चाळीस वर्षं तिनं वॉर्डात ताप मोजले.
काखेत काचेची नळी, घड्याळाकडे डोळा,
आणि प्रत्येक देह आपापला आकडा सांगायचा.
याला आकडाच नाही.
खोलीचा जो, तोच याचा.
उन्हात ठेवा, ऊन. दगडावर ठेवा, दगड.

मुह्क त्याचं नाव, म्हणजे टेंगूळ.
चौऱ्याहत्तर साली तीन रूबलला घेतलेलं,
कझाक माळावरून खोक्यात भरून आलेल्यांपैकी एक.
ज्या देशात घेतलं तो देश गेला,
रूबल गेला,
दुकानाच्या जागी दातांचा दवाखाना आला.
टेंगूळ तेवढं राहिलं.

तळघरातला जुना फ्रिज त्याचा एकट्याचा.
दारावर चिठ्ठी: इथे बियर ठेवू नये.
आत वाळक्या पानांचं खोकं, पानांत पाठ.
चार ते सहा.
शून्याखाली डोळे जातात,
आठ-नऊच्या वर ते अर्धवट जागं होतं
आणि झोपेतच स्वतःला खाऊ लागतं.
रविवारी दोन मिनिटं दार उघडायचं, हवेसाठी.
महिन्यातून एकदा पिठाच्या काट्यावर:
अकराशे चाळीस. अकराशे एकतीस.
कासवी म्हणे नुसत्या नजरेनं पिल्लं पोसते.
इथं उलट आहे,
पोसायचं नाही, बघत मात्र राहायचं.

जानेवारीत एका रात्री वीज गेली.
बाहेर उणे एकोणीस, तळघरात बॉयलरच्या नळ्यांची ऊब.
सहा. साडेसहा.
सात पूर्णांक दोन.
उर्वे अंगणातून घमेलंभर बर्फ घेऊन आली.
मग चार. मग तीन आठ, आणि तिचा जीव वर.
अर्धा बर्फ काढला. पुन्हा एक वाटी घातला.
तोंडात टॉर्च धरून, चवीपुरता.
जन्मभर ताप उतरवला,
पण मधोमध थांबवून कधी धरला नव्हता.

फ्यूज बघायला तिसऱ्या मजल्यावरचा आर्वो आला,
पायजम्यावर ओव्हरकोट.
काय चाललंय, त्यानं विचारलं.
पाच, ती म्हणाली.
त्यानं खोक्यात डोकावून पाहिलं,
काही न बोलता बादली उचलली
आणि बर्फ आणायला गेला.
तो परत येईपर्यंत मुह्कनं
मागचा डावा पाय नखभर आत ओढला.
उर्वेनं वहीत लिहिलं: २.५०, पाय.

पाचाच्या सुमाराला फ्रिज खाकरला, घुरघुरू लागला.
दोघं जिन्यावर बसून राहिली,
आकडा हलत नाही ना ते पाहत.
वर जाताना आर्वोनं तिला हात दिला
आणि दचकला:
केवढे गार पडलेत हात तुमचे!

असतील, उर्वे म्हणाली,
पाच-सहा.