एक रेघ वाकडी

मी अनुरेखक. चौऱ्याहत्तर साली लागले.
पगार दोनशे दहा, खुर्चीचा एक पाय आखूड.
साहेब म्हणाले, नवनगर काढायचंय,
पोहे टाकायचेत, अशा आवाजात.

टेबलावर निळसर कापड ताणलेलं,
शाईचा पेन,
चुकलेलं खरवडायला अर्धं ब्लेड,
आणि कापडाखाली अंधुक दिसणारी जमीन:
निगडी, आकुर्डी, रावेतकडचा उतार,
पवनेचं सैल वळण,
आणि सर्व्हे नंबर, सर्व्हे नंबर, पोटहिस्सा.
आत ज्वारी उभी होती म्हणे.
शाईला ज्वारी काढता येत नाही.

मी सेक्टर काढले, काटकोनात.
हा चौकोन शाळेचा, तो दवाखान्याचा,
हिरवी पेन्सिल फिरवली की बाग.
गावठाणं तेवढी कोरी सोडायची.
बारीक अक्षरात लिहायचं : आराखड्याबाहेर.
घरच्या कार्यात नाही का, कुणाकुणाला म्हणतात,
तुम्ही जरा मागच्या पंगतीला बसा.

दर मंगळवारी गेनबा तापकीर यायचे,
पिशवीत सातबारा, पिशवीतच भाकरी.
साहेब मंगळवारी नसायचेच.
साडेबारा टक्क्यांचं पुढे कधीतरी निघालं,
तेव्हा नुसतं 'मिळेल' म्हणायची पद्धत होती.
ते माझ्या टेबलाशी उभे राहायचे
आणि कापडावर बोट टेकवायचे.
'बाई, इथं माझी हीर हाय.'
दर मंगळवारी, तिथंच.

तेलकट बोटाचा डाग पडला की
कापडावर शाई धरत नाही.
त्यावर खडूची पूड चोळायची असते,
पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
मी चोळली नाही.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.
त्या दिवशी डोकं दुखत होतं, हेही खरं.
रस्ता डागाला वळसा घालून पुढे गेला,
कापडावर जोंधळ्याएवढा.
साहेबांनी सही केली.

जमिनीवर तो अकरा फूट भरला.

लोक त्याची कारणं सांगतात,
कुणा पुढाऱ्याच्या मेव्हण्याचा प्लॉट,
खाली जुनी पाइपलाइन,
एकजण तर वास्तुशास्त्रावर आला.
मी ऐकून घेते.
विहीर वाचली का, म्हणाल, तर नाही.
तिच्यावर स्लॅब पडला, स्लॅबवर दूध केंद्र.
गेनबांचा नातू शेजारी झेरॉक्स काढतो,
आजोबांच्या अर्जाची प्रत त्याच्याकडे अजून आहे,
स्वतःच्याच मशीनवर वर्षाला एकदा नवी करतो.

प्लॉटच्या सोडतीत मी तीनदा चिठ्ठी टाकली.
हजारभर प्लॉट माझ्या हातचे,
त्यातला एक लागला नाही.
राहते चिंचवडला, दुसऱ्या मजल्यावर,
नळाला पाणी दिवसाआड.

एकवीस साली प्राधिकरणच विलीन झालं,
थोडं इकडे, थोडं तिकडे,
जसं एकेकाळी त्यांनी गावांचं केलं होतं.
टेम्पो भरून फायली गेल्या.
माझी कापडं कुठल्या ढिगात, कुणाला ठाऊक.
रिक्षावाला मात्र अजून विचारतो,
'प्राधिकरणात कुठं?'
कचेरी उठली
आणि तिचं गाव झालं.

काल नात स्कूटीवरून नेत होती.
त्या वळणावर कचकन ब्रेक दाबला,
म्हणाली, आजी, कुठल्या गाढवानं आखलाय गं हा रस्ता?
मी तिचा खांदा धरला.
म्हटलं, हळू घे.
डाव्या हाताला थांब, दूध घ्यायचंय.